आमच्याकडे केबल नव्हती भो

वाद सुरू झाला तो बंटीच्या मोबाईलवरून. बंटी पुण्याहून सुट्टीला आलेला, रात्रीचे साडेनऊ झालेले, तरी बोरीच्या पुलाकडून येणारी हवा भट्टीसारखीच, अमळनेरला मे महिन्यात दुसरी कशी असणार, आणि हा बाबा कट्ट्यावर बसून चहा गार करत मोबाईलवर इम्युलेटर (जुन्या मशीनचे गेम चालवणारं ॲप) टाकून पोकेमॉन फायररेड (प्राणी पकडून लढवायचा गेम, पहिल्या रेडचीच नवी आवृत्ती) खेळत होता. भावड्याने मान लांब करून बघितलं.

"अरे भो, पस्तिशीले आला तू, आते तरी सोडी दे ते पिकाचू."

"पिकाचू नाही रे, हॉन्टर आहे."

हॉन्टर म्हटल्यावर भावड्या एकदम गप्प झाला. त्याचं कारण नंतर कळलं.

मास्तर (झेडपी शाळेत गणित शिकवतात, आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, म्हणून मास्तर) म्हणाले की यासारखा गेम परत झाला नाही. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले गेम रेड आणि ग्रीन आले, हातात धरून खेळायच्या एवढ्याशा गेमबॉयच्या काळ्यापांढऱ्या पडद्यात १५१ प्राणी, प्रत्येकाला आपला टाईप (आग, पाणी, भूत वगैरे), चालायला चार मूव्ह, सोबत सहा जण, बस. लहान पोराला दहा मिनिटात कळतं आणि मोठ्या माणसाला दहा वर्षं पुरतं. बुद्धिबळासारखं.

"बुद्धिबळात घोडा अडीच घरं म्हटला की अडीच घरंच जातो मास्तर," बंटी म्हणाला. "तुमच्या रेडमध्ये घोडा कधीकधी जागेवरच बसतो."

मग त्याने जे काढलं ते ऐकण्यासारखं होतं. फोकस एनर्जी नावाची मूव्ह आहे, ती वापरली की क्रिटिकल हिट (म्हणजे जास्त जोराचे वार) जास्त बसायला पाहिजेत, तर पहिल्या गेममध्ये उलटं लिहिलं गेलं आणि चान्स वाढायच्या ऐवजी पावपट होतो. शंभर टक्के अचूक म्हणून लिहिलेला वार २५६ मध्ये एकदा उगाच चुकतो. आणि सगळ्यात भारी म्हणजे भूत विरुद्ध सायकिक (मनाच्या ताकदीने लढणारे). आपण सगळ्यांनी कार्टून बघितलेलं, हिंदीत डब केलेलं, त्यात सॅब्रिना नावाच्या सायकिकवालीला हरवायला अ‍ॅश हॉन्टर घेऊन जातो, म्हणजे भूत हे सायकिकचं औषध हे आपल्या डोक्यात पक्कं. गेममध्येही एक माणूस तसंच सांगतो. प्रत्यक्षात कोडमध्ये भुताचा वार सायकिकवर शून्य लागतो. शून्य. वर हॉन्टर अर्धा विषारी, त्यामुळे सॅब्रिनाचा सायकिक वार त्याला दुप्पट बसतो. पोरगं कार्टून बघून हॉन्टर घेऊन जाणार आणि पहिल्याच वारात आडवं होणार.

"ते पुढे दुरुस्त केलं ना," मास्तर.

"केलं, १९९९ च्या गोल्ड सिल्व्हर या पुढच्या भागात केलं, सोबत डार्क आणि स्टील हे दोन नवीन टाईप आणले, तेव्हा कुठे सायकिकची दादागिरी कमी झाली. पण तोपर्यंत जे पोरगं हरलं त्याचं काय?"

इथे भावड्या हळूच म्हणाला, "ते पोरगं मी होतो."

सगळे हसले. पण मला ते चित्र बरोबर आठवतं. २००६ च्या आसपासची गोष्ट. ज्या गावात १९४५ ला विप्रो सुरू झाली त्या गावात आम्हाला कॉम्प्युटर बघायला तासाला पंधरा रुपये मोजायला लागायचे. गेमबॉय आमच्यातल्या कोणी दुकानात पण बघितलेला नव्हता, आमच्यासाठी पोकेमॉन म्हणजे सायबर कॅफेच्या तीन नंबरच्या पीसीवरचं एक फोल्डर, त्यात रेडपण होता आणि फायररेडपण, आणि कोण कुठला खेळतोय हे ज्याचं त्याला माहीत नसायचं. गेममध्ये सेव्ह करायला जागा एकच. म्हणजे तुम्ही आठ दिवस खपून चार बॅज (एकेका जिमच्या उस्तादाला हरवलं की मिळणारा बिल्ला) मिळवायचे आणि दुसरा कोणी येऊन न्यू गेम करून सेव्ह मारायचा, की तुमचं सगळं गेलं. (हा मूळ गेमचाच दोष आहे, कॅफेवाल्याचा नाही. आजही सख्ख्या भावांमध्ये यावरून मारामाऱ्या होत असतील.) त्यात लोडशेडिंग. लाईट जायची वेळ पाठ असायची, तरी जिमच्या फायनल पोकेमॉनला लाईट गेली नाही असं झालंच नाही. मास्तर तेव्हापासून दर पाच मिनिटाला सेव्ह करतात, परीक्षेचे मार्क भरतानासुद्धा.

अफवा तर विचारू नका. जहाजाच्या बंदरात एक ट्रक उभा आहे, त्याच्याखाली म्यू नावाचा दुर्मिळ पोकेमॉन आहे, ही बातमी अमळनेरपर्यंत कशी आली देव जाणे, पण आली होती, आणि आम्ही तो ट्रक ढकलायचा प्रयत्न केला होता. ट्रकखाली काही नाही. म्यू खरा मात्र आहे, गेम तयार झाल्यावर तपासणीचं सामान काढून टाकलं आणि कार्ट्रिजमध्ये जी चिमूटभर जागा उरली त्यात एका प्रोग्रामरने तो बसवला. म्हणून मला त्या चुकांचा राग येत नाही. घाईत बांधलेल्या वाड्यात एखादी गुप्त खोली निघावी तसं वाटतं.

बंटीला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, जुनं ते सोनं करू नका. आणि खरं सांगायचं तर त्याचे मुद्दे बिनतोड होते. गोल्ड सिल्व्हर घ्या, सगळ्यात लाडका भाग, दिवसरात्र खऱ्या घड्याळावर, सोळा बॅज, जवळजवळ आख्खा जुना नकाशा परत. पण लेव्हलचं गणित बघा मास्तर, तुम्ही गणिताचे. चॅम्पियन लान्सचा सगळ्यात मोठा ड्रॅगोनाइट लेव्हल ५० चा. (आणि खालच्या रूपाचा ड्रॅगोनाइट ५५ च्या आधी होतच नाही, म्हणजे चॅम्पियनच चिटर.) त्यानंतर आठ जिम, त्यातला शेवटचा भिडू ५८ ला. आणि मग डोंगरावर जाऊन बघतो तर रेड, म्हणजे पहिल्या गेमचा हिरो, उभा, एक शब्द बोलत नाही, आणि त्याचा पिकाचू ८१ चा. मधलं अंतर कापायचं कुठे? रानात भेटणारे पोकेमॉन तर त्याच्या जवळपासही नाहीत. म्हणजे तास न् तास त्याच त्या लोकांना परत परत हरवत बसा.

"पण तो डोंगर आठवतो ना तुला?" मास्तर म्हणाले.

"आठवतो."

"मग?"

यावर बंटीकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने एचएम काढले, म्हणजे वाट मोकळी करायला शिकवाव्या लागणाऱ्या खास मूव्ह. कट, सर्फ, स्ट्रेंथ, फ्लॅश. एक झुडूप तोडायला मूव्ह, अंधारात दिसायला मूव्ह, आणि एकदा शिकवली की पोकेमॉन ती सहजासहजी विसरत नाही. चार जागांमधली एक अडकून पडली. म्हणून सगळे एक हमाल ठेवतात, डायमंड या भागात तो बिडूफ, बिचारा लढाईला नाही, नुसता झाडं तोडायला आणि दगड फोडायला. जवळजवळ वीस वर्षं हे चाललं, २०१६ ला सन आणि मूनमध्ये बंद झालं.

"आपल्या जिनिंगवर पण असा एक शे," भावड्या म्हणाला. "सगळी कामं त्यालेच."

एवढ्यात गोलू आला, मास्तरांचा भाचा, अकरावीतला. त्याने नवीन खेळलेत, मित्राच्या निन्टेंडो स्विच या गेमच्या मशीनवर. तो म्हणाला तुम्ही सगळे म्हातारे उगाच भांडताय, आता मोकळं जग आहे, २०२२ च्या स्कार्लेटमध्ये कुठल्याही दिशेने चालत सुटायचं, एचएम नाही, बॉक्स (जास्तीचे पोकेमॉन ठेवायची जागा) बदलायची कटकट नाही. मग स्वतःच म्हणाला की पण गेम अडखळतो, लांबचा माणूस दोन फ्रेममध्ये चालतो, आणि अनुभव सगळ्यांना आपोआप वाटला जातो, बंदच करता येत नाही, त्यामुळे हरायची भीतीच वाटत नाही. २०१९ च्या स्वोर्ड शील्डपासून तर जुने सगळे पोकेमॉन पण नेता येत नाहीत. सगळे पकडा, सगळे पकडा म्हणून वीस वर्षं डोक्यात घातलं आणि आता म्हणतात सगळ्यांना जागा नाही.

गोलूचा हा शेवटचा मुद्दा मला लागला. कारण माझ्या मते या गेमचा जीव लढाईत नाहीच. तो ज्याने बनवला तो सातोशी ताजिरी, टोकियोजवळच्या माचिदा गावात लहानपणी किडे पकडत फिरायचा. शेतं गेली, तळी बुजली, इमारती आल्या. मग गेमबॉयची लिंक केबल बघून त्याला वाटलं की या वायरीतून किडा एका पोराकडून दुसऱ्याकडे चालत जाऊ शकेल. हे मी वाचलं तेव्हा मला दुसरं काही आठवलंच नाही, आमचे सोनकिडे आठवले. पावसाळ्यात बाभळीवरून काढलेला हिरवा चमकणारा सोनकिडा, आगपेटीत बाभळीचा पाला टाकून, पेटीला पेनच्या टोकाने भोकं पाडून, शाळेत दप्तरात. कानाला लावली की आत खरखर ऐकू यायची. मधल्या सुट्टीत भाव चालायचे, दोन साध्याला एक मोठा. तेच रेड आणि तेच ग्रीन. दोन व्हर्जन काढल्या, एकात मिळणारे काही दुसऱ्यात मिळत नाहीत, आणि काही पोकेमॉन ट्रेड (अदलाबदल) केल्याशिवाय इव्हॉल्व्हच होत नाहीत, म्हणजे पुढचं रूप घेत नाहीत. कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर, हॉन्टर. एकट्याला हा गेम पूर्ण होऊच नये असाच बनवलाय. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे असं मी म्हणालो.

"गुण?" भावड्या उठलाच. "तुले काय माहीत शे? दहावीच्या सुट्टीत मी तो हॉन्टर साठपर्यंत नेला. साठ! रोज लिहून ठेवायचो मी, गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर. पंचवीसला झाला होता गास्टलीचा हॉन्टर, मला वाटलं चाळीसला होईल. नाही झाला. पन्नासला होईल. नाही. कॅफेवाला म्हणे साठला होतो, मी साठ केला, पंधरा पंधरा रुपये आईकडून मागून. आणि मग कोणी सांगितलं की केबल लागते. अरे केबल कुठली? दुसरा गेमबॉय कुठला? पहिलाच कुठे होता? तुमच्या त्या ताजिरीला सांग, आमच्याकडे केबल नव्हती भो."

कट्टा शांत. आबा चहावाल्याने पण गाळणी धरून इकडे बघितलं.

खरं आहे त्याचं. दोन पोरांना जवळ आणायला केलेली युक्ती, पण ज्याच्याकडे दुसरा डबा नाही त्याला ती भिंत. आणि कंपनीला तर दोन व्हर्जन म्हणजे दोनदा विक्री, तेही खोटं नाही. मी माझा मुद्दा मागे घेतला नाही, पण जोरात पण बोललो नाही.

बंटी म्हणाला की गेमवाले स्वतःपण याच्यावर मस्करी करतात. डायमंड पर्लमध्ये, २००६ चा, स्नोपॉईंट गावात मिंडी नावाची मुलगी आहे. ती तुम्हाला मेडिचॅमच्या बदल्यात हॉन्टर देते. माणूस खुश, ट्रेड झाला म्हणजे आता हॉन्टरचा पुढचं रूप गेंगार होणार. होत नाही. तिने त्या हॉन्टरच्या हातात एव्हरस्टोन दिलेला असतो, तो दगड हातात असला की इव्हॉल्व्ह होत नाही. जगभरातल्या पोरांनी त्या मिंडीला शिव्या घातल्यात.

"नालायक," भावड्या मनापासून म्हणाला.

गोलू मात्र मोबाईल काढून काहीतरी करत बसला होता. मग म्हणाला, माझ्याकडे पण फायररेड आहे, माझ्याकडे पण हॉन्टर आहे, आणि आता दोन मोबाईल ब्लूटूथवर जोडता येतात, केबलबिबल लागत नाही. मामा, भावड्यामामाचं वीस वर्षांचं काम आज करून टाकू.

एकदम लग्नघरासारखं झालं. बंटीने त्याच्या मोबाईलवर पोकेमॉन सेंटरचा वरचा मजला गाठला, गोलूने गाठला, दोनदा कनेक्शन तुटलं, तिसऱ्यांदा जुळलं. भावड्या दोघांच्या मधोमध उकिडवा बसला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मास्तरांनी टॉर्च बंद केला, म्हणे स्क्रीन नीट दिसू दे. बंटीकडून एक रटाटा निघाला, गोलूकडून हॉन्टर. पडद्यावर चेंडू आत गेला, वायर दाखवली, त्या वायरीतून उजेडाचा ठिपका सरकत गेला, आणि मला शपथ, भावड्याने श्वास धरला होता. चेंडू उघडला. हॉन्टर आला.

आम्ही थांबलो. अजून थांबलो.

हॉन्टर हॉन्टरच.

गोलू तोपर्यंत उठून मोटरसायकलच्या पलीकडे गेलेला होता, तोंडावर हात. "मामा, त्याच्या हातात दगड आहे."

भावड्या त्याच्यामागे पुलापर्यंत चप्पल घेऊन पळाला, अहिराणीत जे जे म्हणता येतं ते सगळं म्हणत. परत आला तेव्हा धाप लागलेली. बंटी म्हणाला, काही नाही, दगड काढतो, गोलूला परत पाठवतो, लगेच होईल गेंगार. मग स्क्रीनकडे बघून म्हणाला, "तीन टक्के आहे बॅटरी."

भावड्याने आबाकडे बघितलं. "आबा, चार कटिंग. आणि चार्जर शे का?"