नव्वदचे एकशे ऐंशी

कान अजून गरम आहेत. चूक माझीच होती, मान्य; पण ती पकडायला काकाच कशाला हवे होते?

पेशंटच्या जुन्या चिठ्ठीवर नंबर होता -2.00 / +0.50 × 90. पहिला आकडा स्फिअर, म्हणजे सगळ्या दिशांना सारखा नंबर; दुसरा सिलिंडर, म्हणजे दिशेप्रमाणे बदलणारा; शेवटचा त्या सिलिंडरचा अक्ष, अंशांत. आज तपासणीतही तोच निघाला. चष्मेवाल्याला सिलिंडर मायनसमध्ये हवा, म्हणून मी तो उलटवून लिहिला: -1.50 / -0.50 × 90. पेशंट गप्प. सोबतच्या काकांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला (म्हणजे मायनस नंबर, जवळचं उघड्या डोळ्यांनी) आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. जन्म हिशेब तपासण्यात गेलेला माणूस.

"दोनाचा दीड झाला, म्हणजे डोळा सुधारला. प्लसचा मायनस झाला, म्हणजे बिघडला. नक्की काय?"

"काहीच नाही काका. नंबर तोच, लिहायची पद्धत वेगळी."

"जमा खर्चात टाकायची, आणि पद्धत वेगळी?"

इथे मी विद्वत्ता पाजळली. स्फिअर आणि सिलिंडरची चिन्हासकट बेरीज करायची, तो नवा स्फिअर. सिलिंडरचा आकडा तोच, चिन्ह उलटं. अक्ष नव्वदने फिरवायचा: नव्वदपर्यंत असेल तर नव्वद मिळवा, वर असेल तर वजा करा.

काकांचं बोट चिठ्ठीवरून सरकू लागलं. "उणे दोन अधिक अर्धा, उणे दीड. बरोबर. चिन्ह बदललं. बरोबर. अक्ष फिरवला." बोट थांबलं. "मग नव्वदचा नव्वदच कसा राहिला?"

"तसं नसतं ते," असं मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. वर पुरावा म्हणून चिठ्ठीच्या पाठीवर दोन फुल्या काढल्या, प्रत्येकीत एक उभी रेघ (नव्वद), एक आडवी (एकशे ऐंशी). सिलिंडर आपल्या अक्षावर शून्य असतो, त्याच्या काटकोनात पूर्ण. जुन्या नंबराची फुली: उभ्या रेघेवर -2.00, आडवीवर -1.50. माझ्या नंबराची: उभीवर -1.50, आडवीवर -2.00.

काका काही बोलले नाहीत. नुसतं पेन पुढे केलं.

चष्मा तसाच बनला असता, तर अर्ध्याचा सिलिंडर जाण्याऐवजी पूर्ण एकचा झाला असता. अक्ष तीस अंशांनी जरी चुकला, तरी जेवढा सिलिंडर घालवायचा तेवढाच शिल्लक राहतो, फक्त तिरका. पेशंट म्हणाला असता, डोकं दुखतं. आणि आम्ही ठरलेलं उत्तर दिलं असतं: नवा आहे, आठ दिवस वापरून बघा. या आठ दिवसांत आमची किती पापं खपतात!

पण मुळात एकाच नंबराला दोन वेष हवेत कशाला? आजकालच्या काचांत सिलिंडर बहुधा मागच्या बाजूला, मायनसमध्येच घासतात. तरी कुणी प्लस लिहितो, कुणी मायनस, आणि मधली उलटापालट आमच्यासारख्यांच्या गळ्यात. डोळ्याला यातलं काही ठाऊक नसतं.

मुकाट्याने 90 खोडून 180 लिहिले. काका पुन्हा वाकले.

"अंशाचं चिन्ह राहिलं."

"ते मुद्दाम देत नाहीत. घाईत शून्य वाटतं, 18 चे 180 वाचले जातात." निदान हे तरी मला येत होतं.

"हे तर 180 आहेत. 1800 वाचले असते, तर चूक तुम्हालासुद्धा दिसली असती."