मताला पडताळणी नको, हा गैरसमज

पत्रकारितेविषयी एक मत सध्या सर्रास पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा : अर्थवार्तेत लोकांचा पैसा गुंतलेला असल्यामुळे अचूकता हवीच, आणि तिथली माहिती अधिकृत स्रोतांकडून येत असल्यामुळे ती बहुधा असतेही, सांस्कृतिक लेखन मात्र आस्वादाचे आणि मताचे असते, तिथे सन-तारखांचा काथ्याकूट कशाला, शिवाय ऑनलाइन मजकूर क्षणात दुरुस्त करता येतो. अर्थवार्तेत अचूकता हवी, एवढे सोडले तर यातले एकही विधान टिकणारे नाही.

मताचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. एखादा अभिनय कृत्रिम वाटला, हे समीक्षकाचे मत झाले. ते पडताळता येत नाही. पण कलाकृती कोणत्या वर्षीची, उद्गार कोणाचे, घटना कोणत्या क्रमाने घडल्या, ही ज्या विधानांच्या आधारे मत बनते ती सगळी पडताळण्याजोगी असतात. जुलै 2009 मध्ये अमेरिकी वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांचे निधन झाले, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या टीव्ही समीक्षकाचा लेख छापला. त्यात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची तारीख 4 एप्रिल 1968 ऐवजी 30 एप्रिल, तर चंद्रावरच्या पहिल्या पावलाची 20 जुलै 1969 ऐवजी 26 जुलै अशी पडली होती; दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईचे वार्तांकन विमानातून करणारे क्रॉन्काइट लेखात थेट किनाऱ्यावर उतरले होते. एकूण सात चुकांची दुरुस्ती एकदमच छापावी लागली. वृत्तपत्राच्या वाचक-प्रतिनिधीने नंतर छडा लावला, तेव्हा पाच संपादकांनी लेख वाचला होता, पण कसून तपासला एकानेही नव्हता, असे निष्पन्न झाले. माझ्या मते साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत गंभीर बाब आहे. वाचणारा वाक्य खटकते का ते पाहतो. तपासणाऱ्याला प्रत्येक नाव, तारीख आणि अवतरण यांवर खूण करून मूळ नोंद काढावी लागते. सफाईदार भाषेत चूक खटकत नाही, म्हणूनच चांगल्या लेखकाचा मजकूर अधिक बारकाईने तपासायला हवा.

त्याच वर्षी मार्चमध्ये संगीतकार मॉरिस जार वारले. डब्लिनच्या एका विद्यार्थ्याने स्वतः रचलेले उद्गार जार यांच्या नावावर विकिपीडियात घातले आणि ‘गार्डियन’सह अनेक वृत्तपत्रांनी ते मृत्युलेखांत वापरले. विद्यार्थ्याने स्वतःच कळवले तेव्हा चूक उघड झाली. ज्याच्या तोंडी ते शब्द घातले गेले, तो नाकारायला हयात नव्हता. अशा वेळी पडताळणीची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

सांस्कृतिक बातमीत पैसा नसतो, हेही खरे नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये लिओनार्दो द विंचीचे मानले जाणारे ‘साल्वातोर मुंडी’ हे चित्र क्रिस्टीज या लिलावगृहात विकले गेले. शेवटची बोली 40 कोटी डॉलरची होती. खरेदीदाराकडून घेतलेले शुल्क धरून रक्कम 45.03 कोटी झाली. लिलावगृहांच्या अंदाजित किमतीत हे शुल्क सहसा धरलेले नसते, त्यामुळे अंदाजाशी एकूण रकमेची तुलना करणारी बातमी चित्र अपेक्षेपेक्षा किती महाग गेले हे फुगवून सांगते. चित्रपटाची ग्रॉस कमाई, म्हणजे तिकीटविक्रीची एकूण रक्कम, निर्मात्याचा नफा म्हणून छापणे हीसुद्धा याच जातीची चूक.

अर्थवार्ता मुळातच तपासलेली असते, या समजाला 22 नोव्हेंबर 2016 चा प्रसंग पुरेसा आहे. फ्रान्समधील विन्सी या कंपनीच्या हिशेबांत मोठे घोटाळे सापडल्याचे सांगणारे बनावट प्रसिद्धिपत्रक ब्लूमबर्ग या अर्थवृत्तसंस्थेला मिळाले आणि खातरजमेविना त्याच्या ठळक ओळी प्रसारित झाल्या. शेअर काही मिनिटांत सुमारे 18 टक्के कोसळला. ‘आम्ही कंपनीच्या नावाने आलेलेच छापले’ एवढ्याने जबाबदारी संपत नाही : फ्रान्सच्या बाजार नियामकाने 2019 मध्ये ब्लूमबर्गला 50 लाख युरोंचा दंड केला, तो अपिलात 30 लाखांवर आला. पत्रकावरच्या क्रमांकावर नव्हे, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर कंपनीला फोन करणे, एवढ्याशा कामाने हे टळले असते.

राहिला दुरुस्तीचा मुद्दा. 8 सप्टेंबर 2008 रोजी युनायटेड एअरलाइन्सच्या दिवाळखोरीची 2002 मधली बातमी जुन्या तारखेविना पुन्हा वर आली आणि ताजी म्हणून पसरली. सुमारे 12 डॉलरचा शेअर 3 डॉलरपर्यंत घसरला. खुलासा त्याच दिवशी झाला, शेअर 11 डॉलरच्या जवळपास सावरलाही. मधल्या वेळेत घाबरून विकणाऱ्यांचे नुकसान मात्र त्या खुलाशाने भरून निघाले नाही. दुरुस्ती झटपट व्हावीच, पण मजकूर गुपचूप बदलून नव्हे. काय चुकले होते, बरोबर काय आहे आणि बदल केव्हा केला, हे त्याच लेखाच्या माथ्यावर स्पष्ट लिहिले पाहिजे, आणि चुकीची ओळ जिथे जिथे पाठवली गेली तिथे तिथे दुरुस्तीही पाठवली पाहिजे.