दारी हत्ती झुलवणाऱ्यांसाठी काही सूचना

प्रथम अभिनंदन. साडेचार मीटर लांब, दोन टन वजनाची, सात जण बसतील अशी गाडी तुम्ही घेतलीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती या खांबापासून त्या खांबापर्यंत पुरते आणि शेजारच्या काकांना स्वतःच्या गाडीत डिकीतून शिरावं लागतं. दारी हत्ती झुलायला लागला की घराणं मोठं झालं, हे पुण्याला पेशवाईपासून ठाऊक आहे. वैरणीचं मात्र चारचौघांत बोलायचं नसतं, आणि तुमचं नेमकं तिथेच चुकतंय. पंपावरून आलात की लिफ्टमध्ये, कट्ट्यावर, अगदी व्याह्यांच्या फोनवरसुद्धा एकच विषय: ‘परवडत नाही हो आता!’ हे शोभत नाही. तेव्हा गाडीची शान राखून पेट्रोलचा खर्च कसा सोसावा, याबद्दल काही सूचना देतो. गाडी कमी वापरा, छोटी घ्या, असले बाष्कळ उपाय यात नाहीत. निर्धास्त वाचा.

टाकी फुल करू नका. ८० लिटरची टाकी आणि लिटरला शंभराच्या वरचा दर, म्हणजे बिल आठ हजारांच्या पुढे जातं आणि मीटरवर तो आकडा चढताना बघणं छातीला बरं नाही. त्यापेक्षा काच अर्धी खाली करून, शक्यतो गॉगल न काढता सांगा, ‘पाचशेचं टाक.’ पंपावरचा पोरगा ‘झीरो बघा साहेब’ म्हणेल. बघा. पाचशेत पाच लिटरही येत नाहीत, आणि शहरातल्या आठच्या ॲव्हरेजने चाळीस किलोमीटरच्या आत तुम्ही पुन्हा त्याच पोरासमोर उभे असाल. असू दे. दर वेळी गेले ते पाचशेच, ही भावना मोलाची आहे. दरम्यान मागच्या स्कूटरवाल्या काकू टाकी फुल करून, सुटे मोजून घेऊन निघून जातील. त्यांच्याकडे बघू नका.

जाणकार लोक पाचशे म्हणत नाहीत, पाचशे दहा म्हणतात. गोल आकड्यांवर मशीन ‘सेट’ केलेलं असतं अशी आपल्याकडे पक्की श्रद्धा आहे. खरं तर मशीन वैधमापनशास्त्र विभाग तपासून सील करतो, आणि शंका आलीच तर पंपावर ठेवलेलं पाच लिटरचं प्रमाणित माप मागून तेल मोजून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. म्हणूनच ते मागू नये. माप बरोबर निघालं तर पंचाईत. दहा रुपये जास्त देऊन पंपवाल्याला गंडवल्याचा जो आनंद आहे, तो कायमचा जाईल.

पहाटेचं पेट्रोल थंड असतं म्हणून लिटरमागे जास्त मिळतं, हेही तुम्ही ऐकलं असेलच. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि दिवसभरात तिथलं तापमान जेमतेम हलतं, असं कुणी सांगायला लागला तर त्याला सायन्सचे मार्क विचारा. पहाटे उठाच. उठलाच आहात तर सहा किलोमीटरवरच्या, दहा पैशांनी स्वस्त असलेल्या पंपावर जा. चाळीस लिटर भरलंत तर चार रुपये वाचतील. जाण्यायेण्यात दीडशे रुपयांचं पेट्रोल जळेल, पण ते वेगळ्या खात्यात धरायचं असतं.

आता ॲव्हरेजची तक्रार. कंपनीच्या पत्रकात १५ लिहिलं होतं आणि मिळतं ८, म्हणून तुम्ही शोरूमवाल्याशी भांडून आलात म्हणे. पुणेकराने तरी हे करायला नको होतं. गाडी घेताना सगळा देश ज्या ‘एआरएआय मायलेज’ची चौकशी करतो, ती गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. मायलेजची चाचणी रोलरवर होते. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. एसी बंद. कधी वेग वाढवायचा, कधी कमी करायचा, हे सेकंदासेकंदाला ठरलेलं. उलट्या बाजूने येणारा डिलिव्हरीवाला नाही, दर पन्नास पावलांवर नगरसेवकाच्या कृपेचा स्पीडब्रेकर नाही, पुढच्या बसमधून उतरून थेट तुमच्या बॉनेटसमोरून रस्ता ओलांडणाऱ्या आजी नाहीत. म्हणजे १५ हा आकडा अजिबात खोटा नाही. गाडीने तो दिलाय. फक्त तो टेकडीवर दिलाय, आणि तुम्ही तो खाली पौड रस्त्यावर मागताय.

टेकडीचं निघालंच आहे तर एक प्रथा सांगून ठेवतो. सकाळी व्यायामाला तिथे चढून जायचं नसतं. दोन टनांची गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घोंघावत वर न्यायची, झाडाखाली लावायची, मग वर सपाटीवर चालायचं आणि वाढत्या प्रदूषणाबद्दल बोलायचं. वजन उतरायला वेळ लागतो, टाकी मात्र पहिल्या दिवसापासून उतरते.

रस्त्यावरच्या वेगाचीही चिंता नको. शहरांतली वाहतूक मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या निर्देशांकात पुणे सर्वांत संथ शहरांमध्ये जगात चौथं आलं: दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे ताशी अठरा. एकेकाळी हे सायकलींचं शहर होतं, आणि सायकली गेल्या तरी त्यांचा वेग आपण निष्ठेने सांभाळून ठेवलाय. विद्यापीठ चौकात किंवा वाकडच्या पुलाखाली सिग्नल तीनदा हिरवा होऊन गेला तरी इंजिन बंद करू नका. बंद केलं तर एसी जाईल, आणि काच खाली करावी लागली तर बाहेरच्या जगाशी संबंध येईल. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं हे खरं, पण उभी असतानाच तर ती लोकांना नीट दिसते.

इथे एक हिशेब देतो. नाजूक प्रकृतीच्या लोकांनी हा परिच्छेद गाळावा. पेट्रोलच्या ऊर्जेतला साधारण पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचतो, बाकीचा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन हवेत जातो. जो पोचतो, तो हलवतो दोन हजार किलोंची गाडी आणि तिच्यात एकटेच बसलेले सत्तर किलोंचे तुम्ही. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलमध्ये खास तुम्हाला हलवण्यावर खर्च होतात पंचाऐंशी पैसे. उरलेल्यात रिकाम्या सहा सीट, पत्रा आणि सनरूफ ऑफिसला जाऊन येतात. आठ हजारांच्या टाकीत तुमच्या देहाचा वाटा सत्तर रुपयांच्या आतबाहेर. पीएमपीच्या सिटी बसचा दिवसभराचा पास जून २०२५ पासून नेमका सत्तरच रुपयांना मिळतो, हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर विचार करत बसू नये.

दराबद्दल सरकारला बोल लावायचा असेल तर मुहूर्त पाहून लावा. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७ डॉलरवर गेला होता. म्हणजे पिंप घेऊन जा, वर पैसेही घ्या. तेव्हा आपण सगळे घरात कोंडलेलो, गाड्या पार्किंगमध्ये धूळ खात. तेल स्वस्त झाल्याने लोकांच्या सवयी बिघडू नयेत म्हणून मे महिन्याच्या सुरुवातीलाच उत्पादन शुल्क पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपयांनी वाढलं. यातून शिकायचं ते इतकंच की कच्चं तेल महागलं की दर कच्च्या तेलामुळे वाढतात, आणि ते स्वस्त झालं की दराला इतरही अनेक जबाबदाऱ्या असतात.

टाकी भरायला खरा सुकाळ निवडणुकीचा. जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला बदलू शकतात, बाजार ठरवील तसे. या बाजाराला मतदानाचं वेळापत्रकही पाठ असावं. नोव्हेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यापासून दर जे थबकले, ते उत्तर प्रदेशासह पाच राज्यांची मतं मोजून होईपर्यंत हललेच नाहीत. निकाल १० मार्च २०२२ ला लागले. २२ मार्चला बाजाराला जाग आली आणि ६ एप्रिलपर्यंत लिटरमागे दहा रुपये चढले. म्हणून देशात कुठे ना कुठे विधानसभा लागलेली असावी अशी रोज प्रार्थना करा. महापालिका निवडणुकीचा या कामी उपयोग नाही, तिच्यात फक्त फ्लेक्स वाढतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला, मोठ्या गाड्यांवरचा सेससकट पन्नास टक्क्यांच्या घरातला कर चाळीसवर आला, आणि ‘आता नाही घेतली तर कधी?’ म्हणत तुम्ही बुकिंग केलंत. उत्तम. फक्त पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे, ही बारीक गोष्ट सेल्समनने सांगितली नसेल. त्याचा दोष नाही. हत्ती विकणारा वैरणीचं दुकान काढत नाही.

इथेनॉलचं मात्र मनाला लावून घेऊ नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे कागदी हिशेबाने ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी खाली. पण ते उसापासूनही होतं, साखर आयुक्तांचं कार्यालय शिवाजीनगरला आहे आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीला. ॲव्हरेज मोजणारेही गावचेच, ते उतरवणाऱ्या उसाचे जाणकारही गावचेच. एवढा मान दुसऱ्या कुठल्या शहराला आहे?

गाडी ‘फोर बाय फोर’ असेल तर छतावर कॅरियर हवाच. त्यावर फावडं, दोरखंड आणि रिकामा जेरीकॅन बांधा. वाऱ्याला अडथळा होऊन हायवेला पेट्रोल जास्त लागेल, पण बाणेरच्या बेसमेंटचा रॅम्प चढताना माणसाने तयारीत असावं. रुंद टायर घाला आणि त्यात हवा किती आहे हे कधीही तपासू नका. कमी हवेवर इंधन जास्त जळतं आणि हवा मात्र कित्येक पंपांवर फुकट मिळते. फुकटच्या गोष्टीने काय फरक पडणार?

लक्ष्मी रस्त्याला खरेदी असेल तर हीच गाडी काढा. पार्किंगच्या पी-वन, पी-टू पाट्या बघत, आज तारीख सम की विषम यावर बायकोशी वाद घालत पेठांना चार प्रदक्षिणा होतात, शेवटी मंडईजवळच्या वाहनतळात वळताना आरसा घासतो, आणि तुळशीबागेतून दीडशे रुपयांची गाळणी आणि पोळपाट घेऊन तुम्ही परत येता. गाळणी नेमकी केवढ्याला पडली हे घरी विचारलं जाणार नाही, कारण विचारणारी व्यक्ती गाडीत शेजारीच बसलेली असते.

इतकं करूनही भागत नसेल तर इलेक्ट्रिक घ्या. मोठीच घ्या, बॅटरीमुळे ती आणखी जड असते, म्हणजे प्रतिष्ठेत घट नाही. चार्जरसाठी सोसायटीकडे लेखी अर्ज करा. वार्षिक सर्वसाधारण सभेत तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ यात, पाण्याची टाकी धुणे आणि कबुतरांची जाळी यांच्यानंतर घेतला जाईल. मीटर कुणाच्या नावावर, वायर कुणाच्या भिंतीवरून, आग लागली तर जबाबदार कोण, हे तिन्ही प्रश्न ज्यांच्याकडे गाडीच नाही असे निवृत्त सभासद विचारतील. सूचक तुम्ही स्वतः व्हाल, अनुमोदक आधीच गाठून ठेवा. आणि सभेला तेवढं चालत जा. हॉल बी विंगच्या तळमजल्यावर आहे, समोर फक्त दुचाकी लावता येतात.