दोन आण्यांचा ड्रॅगन

सहाशे पानांची कादंबरी कुणी मोठ्याने वाचून दाखवायची ठरवली, तर पानाला दोन मिनिटं धरून वीस तास लागतात. तिच्यावरचा सिनेमा असतो अडीच तासांचा. म्हणजे आठवा हिस्सा, रुपयातले दोन आणे. ड्रॅगन, जादूगार, बुटके, शापित तलवार आणि तीन राज्यांची भाऊबंदकी एवढ्या सगळ्यातले दोन आणे पडद्यावर येणार आणि उरलेले चौदा आपण घरून मनात घेऊन जाणार, एवढा हिशेब तिकीट काढतानाच केला तर पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचेल. कुणी करत नाही. मीही करत नाही.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, असा त्या धंद्यातला ठोकताळा आहे. तेव्हा सहाशे पानांची दीडशे करायची. पहिली कुऱ्हाड पडते जेवणांवर. फँटसीतली माणसं कोकणातल्या माणसांइतक्याच आस्थेने जेवतात, पण पडद्यावर त्यांना पाव मोडायलाही सवड नसते. मग गाणी जातात, वंशावळी जातात, नायकाचे दोन मित्र होते त्यांचा मिळून एक होतो. डोंगरातला तीन आठवड्यांचा प्रवास आकाशातून घेतलेल्या तीन दृश्यांत उरकतो. त्यात माणसं मुंगीएवढी आणि संगीत हत्तीएवढं. सगळ्यात वाईट म्हणजे मनातलं बोलणं जातं. पुस्तकात नायक दोन पानं भितो. सिनेमात तो हिरव्या कापडासमोर (मागचा देखावा नंतर संगणकावर भरतात) उभा राहून तोंड अर्धवट उघडतो, आणि ती दोन पानं त्या उघड्या तोंडातून आपण काढून घ्यायची असतात.

बरं, जास्त वेळ दिला की प्रश्न सुटतो असंही नाही. ‘द हॉबिट’ हे १९३७ सालचं मुलांचं पुस्तक, जेमतेम तीनशे पानांचं. त्याचे २०१२ ते २०१४ या काळात तीन सिनेमे निघाले. १६९, १६१ आणि १४४ मिनिटं, एकूण आठ तासांना सहा मिनिटं कमी. आपल्या मापाने रुपयातले साडेबारा आणे झाले की! तरी वाचक कुरकुरलेच. कारण वरणात पाणी घालून पंगत उठवावी तशी त्यात पुस्तकात नसलेली माणसं आली. टॉरिएल नावाची योद्धी मुळात नाहीच, आणि लेगोलस हा तिरंदाज त्याच लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकातून पाहुणा म्हणून आला तो मुक्कामालाच राहिला.

खरी अडचण अशी की प्रत्येकाचा ड्रॅगन आधीच तयार असतो. माझ्या पिढीच्या मराठी वाचकाचा तर निम्मा कॅलेंडरवरच्या कालियामर्दनातून आणि निम्मा ‘चांदोबा’तल्या राक्षसांवरून बेतलेला. त्याला पंख चिकटवायचे राहिलेले असतात, एवढंच. त्यावर कोट्यवधी डॉलर खर्चून केलेला ड्रॅगन समोर आला की आपण म्हणतो, ‘हा तो नव्हे.’

आता तिकीट. अॅपवर सिनेमाच्या नावावर बोट ठेवलं की भाषा आणि प्रकार यांची एक पट्टी उघडते: इंग्रजी टूडी, इंग्रजी थ्रीडी, हिंदी टूडी, हिंदी थ्रीडी. मराठी त्यात शोधू नये. बहुतेक घरांत चूक इथे होते, कारण खेळाची सोयीची वेळ बघण्याच्या नादात ही पट्टी कुणी वाचत नाही आणि संध्याकाळी पाचचा हमखास हिंदी थ्रीडी निघतो. हिंदीला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बुटक्यांनी टपोरी हिंदीत ‘अपुन’ म्हणायला. शिवाय डबिंगचं वाक्य ओठ हलतात तेवढ्याच लांबीचं असावं लागतं. त्यामुळे मूळ दोन शब्दांच्या शापाला कधी शेपूट जोडतात, कधी चार ओळींची भविष्यवाणी घाईघाईत उरकतात. पैसे भरताना तिकिटावर सुविधा शुल्क लागतं, तेही माणशी. पाच जणांसाठी एकाच अंगठ्याने एकदाच बटण दाबलं तरी सुविधा पाच वेळा झालेली असते.

खुर्ची निवडताना पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचे तीन भाग करावेत आणि दोन भाग मागे जाऊन मधली जागा घ्यावी. ध्वनियंत्रणा जुळवताना साधारण त्याच जागेला प्रमाण मानतात. आपल्याकडे मात्र पैसेवाल्यांसाठी पाय पसरायच्या खुर्च्या अगदी शेवटच्या रांगेत, पाठीमागच्या स्पीकरखाली असतात. तिथे ड्रॅगन समोर दिसतो आणि मानेमागून ओरडतो.

आत शिरताना पिशवी तपासतात आणि चिवड्याचा डबा बाहेर राहतो. बाहेरचं खाणं अडवायचा अधिकार चित्रपटगृहाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलं. पण त्याच निकालात पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायचं हेही आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. ते पाणी बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवर, कुंडीच्या आड सापडतं. पॉपकॉर्नबद्दल एवढंच सांगतो की डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली तेव्हा सुटे खारे पॉपकॉर्न पाच टक्के, पाकीटबंद बारा टक्के आणि कॅरमलचे अठरा टक्के, असा खुलासा झाला होता. साखर लागली की लाहीचं मिठाईत धर्मांतर होतं. एवढी गुंतागुंतीची दंतकथा त्या दिवशीच्या सिनेमातही नसते.

पुढे राष्ट्रगीताला बावन्न सेकंद टब आणि शीतपेय खाली ठेवून उभं राहायचं. खाली ठेवताना उजव्या पायाशी ठेवलं की डाव्या पायाने सांडतं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मग जाहिराती. त्यानंतर एकदाचा तो म्हातारा जादूगार येतो, दगडावर बसतो, शांतपणे पाइप शिलगावतो, आणि पडद्याच्या तळाशी धूम्रपान आरोग्यास घातक असल्याची पाटी उमटते. २०१२ पासून तंबाखूच्या प्रत्येक दृश्याला ती सक्तीची आहे. नऊशे वर्षांचा माणूस पाइप ओढतोय आणि आपल्याला सांगताहेत की याने आयुष्य कमी होतं.

आता चष्मा. लोक दिग्दर्शकाला शिव्या घालतात, पण निराशेतला निदान निम्मा वाटा या चष्म्याचा असतो असं माझं ठाम मत आहे. साध्या सिनेमाला पडद्यावर १४ फूट-लँबर्ट उजेड असावा असा दंडक आहे. फूट-लँबर्ट म्हणजे पडदा किती लख्ख दिसतो त्याचं माप. थ्रीडीत चष्म्यातून साडेचार मिळाले तरी देवाला नारळ फोडावा. उजेडाच्या रुपयातले पाच आणे. बाकीचे अकरा जातात कुठे? एकच प्रोजेक्टर डाव्या आणि उजव्या डोळ्याचं चित्र आलटून पालटून, सेकंदाला १४४ वेळा फेकत असतो. तेव्हा कुठलाही एक डोळा अर्धा वेळ अंधारात. प्रोजेक्टरपुढची ध्रुवीकरणाची काच, म्हणजे दोन डोळ्यांची चित्रं चष्म्याला वेगळी करता यावीत म्हणून उजेडाला ठरावीक दिशा देणारी काच, उरलेल्यातला निम्म्याहून जास्त उजेड गिळते. राहिलेल्यावर चष्मा आपला हात मारतो. ही गळती थोडी भरून निघावी आणि ध्रुवीकरणही टिकावं म्हणून पडद्याला चंदेरी मुलामा दिलेला असतो, पण तो उजेड समोरच्या समोर परत फेकतो. मधल्या खुर्च्यांना त्याचा फायदा, कडेच्यांना संध्याकाळ. त्यात दिवा जुना असेल तर विचारूच नका. झेनॉन वायूचा दिवा वापरागणिक मंदावतो, आणि नवा बसवायचा म्हणजे खर्च.

चष्मा हातात येतो तेव्हा त्यावर आधीच्या खेळाच्या लोण्याचा अंगठा उमटलेला असतो. तो सदऱ्याच्या टोकाने कोरडा पुसू नये. मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात आणि मग ड्रॅगनला कायमच्या मिशा फुटतात. तोंडाची वाफ द्यावी आणि मऊ सुती रुमालाने मधून कडेकडे टिपत जावं. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी तो आत ठेवून हा वरून चढवायचा. वरचा घसरतो, कारण त्याला टेकायला नाक मिळत नाही, खालच्याची दांडी मिळते. मग मान मागे टाकून, नाकाच्या शेंड्यावर तोल सांभाळत, पत्रिका बघणाऱ्या गुरुजींसारखं पाहत राहायचं. शेजारी बसलेली भाची दर चार मिनिटांनी विचारते, “मामा, हा कोण?” तिच्याकडे वळलं की वरचा चष्मा मांडीवर.

एक परीक्षा करून बघण्यासारखी आहे. प्रसंग चालू असताना क्षणभर थ्रीडीचा चष्मा काढायचा. पुढच्या-मागच्या गोष्टींच्या कडा दुहेरी दिसल्या तर चित्राला खोली खरोखर आहे. चित्र जवळपास स्वच्छ दिसलं, तर त्या प्रसंगात थ्रीडी जवळजवळ नाहीच, फक्त अंधार आहे. बऱ्याच सिनेमांचं चित्रण साधंच होतं आणि नंतर संगणकावर एकेक माणूस कातरून पुढे-मागे सरकवतात. ते घाईत झालं की सैन्य गणपतीच्या देखाव्यातल्या पुठ्ठ्याच्या मावळ्यांसारखं दिसतं. रांगेमागे रांग, प्रत्येक जण चपटा. टूडीचं तिकीट काढूनही पडदा काळवंडलेला वाटला तर मागे वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघावं. तिथून एकावर एक असे दोन झोत निघत असतील तर आदल्या खेळाचं थ्रीडीचं भिंग काढायचं राहिलेलं असण्याची शक्यता मोठी. लगेच उठून सांगावं. मध्यंतरानंतर सांगितलं तर ‘आता काय, थोडाच राहिलाय’ हे उत्तर मिळतं.

मध्यंतर इंग्रजी सिनेमात सहसा नसतं. आपल्याकडे ते आहे, कारण समोसे आहेत. सिनेमा बनवणाऱ्याने थांबायची जागा ठेवलेली नसते, तेव्हा लांबीच्या निम्म्यावर कुठेतरी तोडतात. तलवार उपसली आहे, खाली यायची आहे, आणि दिवे लागतात. अडीच तासांच्या सिनेमात नावं सुरू झाल्यापासून सत्तर मिनिटांनी उठून बाहेर पडावं. पाच मिनिटांची कथा बुडेल, पण रांगेत पहिला नंबर लागेल. आणि बुडालेली पाच मिनिटं पुस्तकात नव्हतीच, अशी दाट शक्यता असते.

शेवटची लढाई रात्री होते आणि धो धो पावसात होते. अंधारात आणि पावसात संगणकाने केलेल्या कातड्याचे दोष झाकले जातात, हे त्यातलं एक कारण. ही काळी रात्र अकरा आणे उजेड खाऊन टाकणाऱ्या चष्म्यातून पाहिली की ‘कोण कुणाला मारतंय’ हा प्रश्न भाची विचारत नाही, मी विचारतो. उजेड असला तरी धड नाही. २०१२ च्या ‘हॉबिट’ने सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी ४८ चित्रं दाखवली. हालचालीतला पुसटपणा गेला, सगळं लख्ख झालं, आणि कित्येकांना दुपारची टीव्ही मालिका बघतोय असं वाटलं. त्या पुसटपणात जादू लपलेली असते हे तेव्हा कळलं.

सिनेमा संपला की लोक पळतात. पुस्तकवाले मात्र ‘मुळात शेवट असा नाहीच’ हे कुणाला तरी सांगण्यासाठी रेंगाळतात, आणि त्यांच्या डोळ्यांसमोरून नावं सरकत राहतात. दृश्यांची कातरकामं आणि थ्रीडीचं रूपांतर यांतला मोठा वाटा मुंबईसारख्या शहरांतल्या स्टुडिओंमध्ये होतो, त्यामुळे परदेशी नावांच्या महापुरात मध्येच एखादे पाटील, शिंदे, कुलकर्णी झळकतात. ज्या ड्रॅगनला आपण अडीच तास नावं ठेवली, त्याच्या पंखाची कड दिवसचे दिवस कुणी शिंदे कोरत बसले होते. आपण एकदम गप्प होतो, इतकी वर्षं ड्रॅगनशी आपलं नातं काय ते कळत नव्हतं, ते हे.

तेवढ्यात दाराशी प्लास्टिकचा टब घेतलेला पोरगा उभा असतो. “काका, चष्मा.” इथे सावध राहायचं: वरचा काढून टाकायचा, आतला ठेवायचा. दोन्ही एकमेकांत अडकलेले असतात, मागून रेटा असतो, आणि एका हिसड्यात दोन्ही टबात जातात. त्याचा पत्ता लागतो तो खाली पार्किंगमध्ये, पावतीवरचा आकडा वाचायची वेळ आली की.