बिब्बा, युरिया आणि बिनचिठ्ठीची ट्यूब

आमच्या परभणीच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन पक्ष पडलेत. एकाचं म्हणणं, अंगाला लावायचं ते झाडपाल्याचंच लावावं, बाजारातलं सगळं केमिकल. दुसरा पक्ष म्हणजे एकटा बीएस्सीवाला भाचा. तो प्रत्येक पोस्टखाली लिहितो, 'मामी, पाणी पण केमिकलच आहे.' वाक्य खरं आहे, पण त्यानं आजवर एकाही मामीचं मत बदललेलं नाही. मी जर्मनीत ग्योटिंगेनला राहते म्हणून दोन्हीकडचे मलाच पंच धरतात. 'तिकडं काय लावतात?'

इकडं टाचेला युरिया लावतात.

हे लिहिल्याबरोबर काकांचा फोन आला. 'इथं कापसाला मिळंना झालंय, अन् तुमच्याकडं टाचेला चोळायलेत का?' पण खरंच आहे. इथल्या कुठल्याही साध्या दुकानात पायाच्या क्रीमच्या ट्यूबवर ५ टक्के, १० टक्के असा युरियाचा आकडा ठळक छापलेला असतो, आणि गिऱ्हाईक तो आकडा बघूनच ट्यूब उचलतं. दहा टक्क्यांच्या आसपास युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो. वीस-चाळीस टक्क्यांवर गेला की तो घट्ट झालेली कातडी मऊ करून सोडवतो. आपल्या कातडीच्या वरच्या थरात तो मुळातच असतो, आणि कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून केलेल्या युरियाचा रेणू तोच. हे ज्यानं पहिल्यांदा दाखवलं त्या फ्रीडरिश व्योलर या रसायनशास्त्रज्ञाचा पुतळा इथं ग्योटिंगेनमध्ये आहे. १८२८ साली बर्लिनमध्ये त्यानं मूत्रपिंडाशिवाय, प्रयोगशाळेत युरिया बनवला. पुढं तो ग्योटिंगेनला प्राध्यापक झाला. नैसर्गिक आणि कृत्रिम यांच्यामधली भिंत त्याच वेळी हलली होती. आमच्या ग्रुपवर ती अजून शाबूत आहे, इतकंच.

(पोत्यातला युरिया मात्र टाचेला लावू नका. २०१५पासून तो कडुलिंबाचं तेल लावूनच येतो, त्यामुळे जाहिरातवाल्यांच्या हिशेबानं 'नीमयुक्त' म्हणून खपेलही. पण तो पिकासाठी केलेला आहे, कातडीसाठी नाही.)

आता आपल्याकडचं टाचेचं औषध बघा. काळ्या रानात अनवाणी वावरून पायाला भेगा पडल्या की आजी बिब्बा काढायची. दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की तेवढंच भेगेत टिपायचं. बोट लागू द्यायचं नाही, लेकरं लांब बसवायची. कारण बिब्बा उतला की हात-तोंड सुजतं, फोड येतात, कातडी जळाल्यागत होते. अमेरिकेत पॉइझन आयव्ही नावाची वेल लोकांच्या अंगावर जे फोड आणते, त्याच जातीचं रसायन बिब्ब्याच्या टरफलात असतं. आतली गोडंबी मात्र आपण डिंकाच्या लाडवात घालून खातो. म्हणजे एकाच फळात औषध, खाऊ आणि विष, आणि तिन्ही शंभर टक्के नैसर्गिक. आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिचा झाडपाल्यावर विश्वास होता, पण आंधळा नव्हता. किती, कुठं आणि कुणाला नाही, हे ती आधी सांगायची. आज रीलमधली बाई 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाहीत' म्हणून लिंबाचा रस चेहऱ्याला चोळायला सांगते, तेव्हा आजीचं हे अर्धं शहाणपण गाळलेलं असतं. लिंबाच्या सालीतल्या काही द्रव्यांवर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळे डाग राहतात. ऊनही परभणीचं, मे महिन्यातलं.

परदेशातले लोक यातून सुटलेत असं समजू नका. नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांचं वेड जर्मनीत आपल्यापेक्षा जुनं आहे आणि महागही. पण त्या महाग डबीची मागची बाजू वाचण्यासारखी असते. यादीच्या शेवटी बारीक अक्षरात लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल, सिट्रल अशी नावं आणि वर चांदणीची खूण. खाली खुलासा की ही द्रव्यं नैसर्गिक सुगंधी तेलांतूनच आलेली आहेत. युरोपच्या नियमानं अशी ॲलर्जी आणू शकणारी सुगंधी द्रव्यं, लावून ठेवायच्या क्रीममध्ये ०.००१ टक्क्याच्या वर असली तर नावानिशी छापावी लागतात. लव्हेंडरमधून आलं की कारखान्यातून, नियमाला त्याचं काही पडलेलं नाही.

आणि केमिकलच्या भीतीनं इथंही माती खाल्ली आहे. पॅराबेन या टिकाऊपणासाठी घालायच्या द्रव्यांविरुद्ध बोंब झाली, कंपन्यांनी 'पॅराबेन-फ्री' छापून त्याऐवजी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे दुसरं टिकाऊपणाचं द्रव्य घालायला सुरुवात केली, आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे ॲलर्जीचे रुग्ण वाढले. शेवटी २०१७मध्ये युरोपनं ते लावून ठेवायच्या क्रीममधून हद्दपार केलं. त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या त्वचा-ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेनं पॅराबेनला त्या वर्षाचं 'ॲलर्जी न आणणारं द्रव्य' म्हणून निवडलं. काही पॅराबेनांवर युरोपात बंदी आहे, काहींवर प्रमाणाची मर्यादा. ती प्रत्येकाची वेगळी तपासून घातलेली आहे, सगळ्यांना एका दावणीला बांधलेलं नाही.

माझ्या वहिनीच्या बचत गटाचा साबण याच कचाट्यात सापडला. खोबरेल आणि करडईचं तेल, कडुलिंबाचा पाला, हळद. वर लेबल 'केमिकल-फ्री'. साबण चांगला आहे, मी वापरते. पण तेलाचा साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही. माप बरोबर असेल तर सोडा तेलाशी जुळून संपतो, वडीत उरत नाही. मी म्हटलं, असंच लिहा ना. वहिनी म्हणाली, 'ताई, कॉस्टिक लिहिलं की बाया हात तरी लावतील का?' तिचं चूक नाही. केमिकल या शब्दाला आपणच इतकं बदनाम केलंय की खरं छापणाऱ्याचंच नुकसान होतं. तिच्या साबणातली करडई मी इथल्या महाग क्रीमच्या यादीत 'कार्थॅमस टिंक्टोरियस' या शास्त्रीय नावानं बघते, तेव्हा थोडा राग येतो. तिकडं सोयाबीनच्या मागं लागून आपण करडई जवळजवळ सोडून दिली.

घटकांची यादी छापणं भारतातही कायद्यानं बंधनकारक आहे. परवाना क्रमांक, बॅच, बनवणाऱ्याचा पत्ता, सगळं. मागं वळून वाचायची सवय तेवढी नाही, आणि नसलेलं विचारायची तर अजिबात नाही. लग्नातली काळीभोर मेंदी घ्या. मेंदीचा पाला कधीच काळा रंग देत नाही. तो काळा केसांच्या डायमधल्या पीपीडी या रसायनाचा असतो. युरोपात ते केसांच्या रंगात दोन टक्क्यांपर्यंत चालतं, कातडीवर काढायला मनाई आहे. आपल्याकडं तोच कोन मेंदीच्या पानाचं चित्र लावून मिळतो.

पण माझं खरं भांडण त्या ट्यूबशी आहे. मेडिकलवर 'गोरं व्हायचं मलम' मागितलं की चिठ्ठी न विचारता मिळते ती. आत मोमेटासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टिरॉइड, कधी जोडीला रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन, जे युरोपात चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनात घालायला बंदी आहे. अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं केंद्र सरकारनं २०१८मध्येच सांगितलं आहे. तरी साखरपुडा ठरला की घरात ट्यूब येते. पहिले पंधरा दिवस चेहरा खुलतो, मैत्रिणी नाव विचारतात. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, फोड येतात, उन्हात आग होते. डॉक्टर ती बंद करायला लावतात आणि चेहरा आणखी लाल होऊन भडकतो, कारण कातडीला तिची सवय लागलेली असते. घरचे म्हणतात, डॉक्टरनंच बिघडवलं, आणि पुन्हा ट्यूब आणतात. नायट्यालाही हेच. खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा मांडीवरून पोटावर चढतो.

इथं जर्मनीत अर्ध्या टक्क्याचं सौम्य कॉर्टिसोन (तेही स्टिरॉइडच) चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यापुढचं नाही. तेवढ्यासाठीही औषधवाला कुठं लावणार, किती दिवस, हे विचारतो. उलट त्वचेच्या डॉक्टरची वेळ मिळायला मात्र इथं महिने जातात. परभणीत सकाळी ठरवलं तर संध्याकाळी दवाखान्यात नंबर लागतो. म्हणून भाच्या-पुतण्यांना माझं एवढंच सांगणं असतं: चेहऱ्याचा फोटो मला पाठवत बसू नका, ट्यूब खोक्यासकट पिशवीत टाका आणि डॉक्टरला दाखवा. आपल्या मनानं एकदम बंदही करू नका. काहींना ती हळूहळू कमी करत न्यावी लागते.