तीन चाकी पडत नाही? आमची पडता पडता राहिली

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दुसऱ्या दिवशी तोच मावसभावाने पाठवला, तिसऱ्या दिवशी ऑफिसातल्या एकाने. सोबत फोटो: पुढे दोन चाकं, मागे एक, काळी चकचकीत गाडी, वर पांढऱ्या दाढीचा गोरा, डोक्यावर काही नाही. मजकूर थोडक्यात असा: ‘दुचाकीला दोनच चाकं, म्हणून ती पडते. तीन चाकी मोटरसायकल पडूच शकत नाही. दुचाकी येते त्याला नवीन काही शिकावं लागत नाही. हेल्मेट लागत नाही. खर्च तेवढाच. परदेशात सगळे तीन चाकीवर गेले, आपल्याकडे कंपन्या मुद्दाम आणत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या प्रत्येकाने स्कूटरला जादा चाकं बसवून घ्यावीत. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.’

मी पुढे पाठवला नाही. उत्तर लिहायला बसलो ते लांबत गेलं. कारण सांगलीच्या घरी अण्णांची बजाज चेतक होती, डाव्या अंगाला साइडकार, म्हणजे एका चाकाची बसायची खुर्ची, जोडलेली, आणि ती गाडी मी चार वर्षं चालवली आहे.

‘पडूच शकत नाही.’ उभी असताना नाही पडत, हे खरं. सिग्नलला पाय टेकवायला नको, स्टँडवर चढवायला नको, चिखलात हळू जाताना तोल सांभाळायला नको. पण माणसं मरतात ती चालत्या गाडीवर, आणि तिथलं गणित वेगळं आहे. तिन्ही चाकं जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू जोडा, त्रिकोण होतो. गाडीचं आणि माणसांचं एकत्रित वजन त्या त्रिकोणाच्या आत पडतंय तोवर गाडी उभी. वळणावर तेच वजन बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. दुचाकी त्यावर आत कलून उत्तर देते. बहुतेक तीन चाकींना कलता येत नाही, त्यामुळे वजन त्रिकोणाच्या कडेकडे सरकतं, आतल्या बाजूचं चाक हलकं होतं आणि मग उचलतं. ज्या टोकाला एकच चाक, तिकडे त्रिकोण निमुळता. पुढे एक चाक असलेल्या गाडीला वळणातच कचकन ब्रेक मारला तर वजन नेमकं त्या निमुळत्या टोकाकडे धावतं. यासाठी पुस्तक उघडायला नको. आडवी झालेली रिक्षा चार जण हातांनी सरळ करताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ती तीन चाकीच असते.

साइडकारचं आणखी निराळं. ती डावीकडे असते, म्हणून डावं वळण वेगात घेतलं की तीच हवेत जाते, आणि रिकामी असली तर लवकर जाते. 1991 चा एप्रिल. आईला मिरजेला मावशीकडे सोडून मी एकटा परत येत होतो. साइडकार रिकामी, मी एकोणीस वर्षांचा, काटा चाळिसाच्या वर. विश्रामबागच्या अलीकडे डावीकडे वळायला हॅण्डल वळवलं आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी वर येताना दिसलं. साइडकारचं चाक माझ्या गुडघ्याच्या उंचीला, स्वतःभोवती निवांत फिरत होतं. मी घाबरून हॅण्डल सैल सोडलं. चाक धपकन खाली आलं, पण गाडी आता वळत नव्हती. रस्ता ओलांडून ती सरळ समोरच्या बाजूला निघाली. तिकडून एसटी येत नव्हती हे नशीब. तिकडे एक रसवंती होती आणि तिच्या पुढ्यात चिपाडांचा ढीग. त्यात पुढचं चाक रुतून थांबलो. रसवंतीवाल्याने आधी चिपाडं बाजूला केली, मग मला ग्लासभर रस दिला आणि मग शिव्या.

घरी अण्णांनी काही विचारलं नाही, पुढच्या मडगार्डमध्ये चिपाड अडकलेलं दिसलंच होतं. दुसऱ्या दिवशी साइडकारमध्ये वाळूचं अर्धं पोतं आलं. बरोबर कोणी नसेल तेव्हा पोतं बसणार, माणूस आलं की पोतं उतरणार. हा काही अण्णांचा शोध नव्हता. जगभर साइडकारवाले रिकाम्या खुर्चीत वजन ठेवतात, त्यांनाही माहीत असतं की ती पडू शकते.

आणि हे अनाडी पोरांपुरतंही नाही. अमेरिकेत 1970 पासून फुगीर टायरांच्या तीन चाकी एटीव्ही विकल्या जात होत्या, होंडाने तो प्रकार रूढ केला. शेतात, वाळूत, टेकड्यांवर चालवायच्या गाड्या. त्या इतक्या उलटल्या आणि त्यात इतकी लहान मुलं सापडली की 1988 मध्ये सरकारशी न्यायालयात झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी नव्या तीन चाकींची विक्री थांबवली. पुढे बाजार चार चाकी एटीव्हींचा झाला. मेसेज लिहिणाऱ्याला ‘परदेश’ एवढा आवडतो तर ही गोष्टही त्याने ऐकलेली असावी.

‘नवीन काही शिकावं लागत नाही.’ मला वाटतं या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. दुचाकी येणाऱ्याला नुसतं शिकावं लागत नाही, आधीचं विसरावंही लागतं, आणि ते जास्त अवघड. वेगात असलेली दुचाकी उजवीकडे न्यायची तर आपण हॅण्डलची उजवी मूठ पुढे दाबतो. चाक क्षणभर डावीकडे जातं, गाडी उजवीकडे कलते आणि वळते. वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला सांगितलं तर तो हसेल, पण रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात हलकेच करून पाहिलं की पटतं. डोक्याला माहीत नसतं, हातांना असतं. न कलणाऱ्या तीन चाकीवर तीच मूठ पुढे दाबली तर गाडी डावीकडे जाते. थेट उलट. समोर कुत्रं आडवं आलं की हात विचारून वागत नाहीत, जुनीच सवय चालवतात.

याचा अनुभव मला दोनदा आला. एकदा चेतकवर, पहिल्या महिन्यात. दुसऱ्यांदा कॅनडात मिसिसॉगाला, भाऊजींच्या मित्राच्या कॅन-ॲम स्पायडरवर, रविवारच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. फोटोतली गाडी बहुधा तीच. 2007 मध्ये बाजारात आलेली, पुढे दोन चाकं, वजन चारशे किलोच्या आसपास, चाक उचलायला लागलं तर ब्रेक आणि इंजिन स्वतःच आवरणारी यंत्रणा, शिवाय रिव्हर्स गिअर. उत्तम गाडी आहे, मान्य. पण तिला हाताचा ब्रेकच नाही. एकच पायाचा, तो तिन्ही चाकांना लागतो. पहिल्या पाच मिनिटांत माझी उजवी बोटं चार वेळा हवेत मिटली. आणि वळणावर गाडी सरळ राहते, माणूस मात्र बाहेर फेकला जातो. दुचाकीवर तेच वजन सीटमध्ये दाबलं जातं. अर्ध्या तासाने हात भरून आले. चाक उचलू न देणारी ती यंत्रणा बसवावी लागली, यातच ‘पडूच शकत नाही’चं उत्तर आहे म्हणा.

साइडकारच्या खोडी वेगळ्याच. ॲक्सिलरेटर पिळला की गाडी डावीकडे ओढते, कारण साइडकार मागे राहू पाहते. ब्रेक मारला की उजवीकडे, कारण आता ती पुढे पळू पाहते. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा हात सतत काहीतरी दुरुस्त करत असतात. आणि पाय. दुचाकीवाल्याचा पाय गाडी थांबताना आपोआप खाली जातो. इथे डावा पाय खाली गेला तर तो स्कूटर आणि साइडकार यांच्या मधल्या दांड्यात सापडतो. मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकवर मागचं चाकच त्यावरून जातं. अण्णांचा एकच नियम होता: पाय खाली आला की पाय गेला.

इथे एक घोळ मिटवायला हवा, कारण मेसेज सगळ्या तीन चाकींना एकाच पोत्यात भरतो. काही तीन चाकी कलतात. पियाजिओची एमपी3 ही स्कूटर (2006), यामाहाची निकेन (2018). पुढची दोन चाकं वळणात एकत्र कलतात, म्हणून दुचाकीची सवय तिथे चालते. पुढे दोन टायरांची पकड, त्यामुळे ओल्या रस्त्यावर किंवा बारीक खडीवर पुढचं चाक निसटण्याची भीती खूप कमी. हा खरा फायदा, आणि मेसेजमध्ये त्याचा शब्द नाही. पण निकेन सिग्नलला आपोआप उभी राहत नाही. पाय टेकवावा लागतो, नाहीतर 263 किलो अंगावर घेऊन आडवे व्हा. एमपी3 ला थांबताना पुढच्या चाकांचं कलणं जाम करायची सोय आहे, तिच्यावर पाय न टेकता थांबता येतं. म्हणजे दुचाकीसारखी चालवायची असेल तर ती पडूही शकते, आणि न पडणारी हवी असेल तर ती दुचाकीसारखी चालत नाही. एमपी3 यातून थोडीशी वाट काढते इतकंच.

‘हेल्मेट लागत नाही.’ साइडकार जोडलेल्या गाडीवर तरी लागतंच. मोटर वाहन कायदा, 1988 मधली मोटरसायकलची व्याख्या वाचा: दुचाकी वाहन, जोडता-काढता येणारी जादा चाकाची साइडकार धरून. कायद्याच्या लेखी आमची चेतक दुचाकीच होती. कलम 129 मध्ये पूर्वी साइडकारमध्ये बसलेल्याला हेल्मेटमधून सूट होती, बहुधा ही अफवा तिथूनच आली असावी. चालवणाऱ्याला ती कधीच नव्हती, आणि 2019 च्या दुरुस्तीत साइडकारचा अपवादही गेला. कायदा बाजूला ठेवला तरी तिसऱ्या चाकाने डोक्याभोवती पत्रा येत नाही.

‘खर्च तेवढाच.’ अण्णांची पेट्रोलची वही अजून घरात आहे. साइडकार लावायच्या आधी चेतकचं ॲव्हरेज चाळिसाच्या आसपास, नंतर तिशी गाठली तरी अण्णा खूश. क्लचप्लेटा एका वर्षात दोनदा. मागचा टायर मधोमध सपाट घासायचा, कारण गाडी कधी कलायचीच नाही. आणि अलाइनमेंट! मिस्त्री गाडीच्या दोन्ही अंगांना सरळ लाकडी पट्ट्या चाकांना टेकवून ठेवायचा आणि पुढचं-मागचं अंतर टेपने मोजायचा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा थोडं कमीच हवं, म्हणजे साइडकारचं चाक किंचित आत वळलेलं. शिवाय स्कूटर स्वतः जराशी बाहेर झुकलेली. यात बोटभर चूक झाली की हॅण्डल दिवसभर एका बाजूला ओढणार आणि टायर महिन्यात बोडका. असा मिस्त्री सांगलीत तेव्हा आम्हाला एकच माहीत होता. आज तुमच्या गावात आहे का, हे चाक विकत घेण्याआधी बघा.

शिवाय खड्डे. दुचाकी एका रेषेत जाते, दोन खड्ड्यांच्या मधून वाट काढते. तीन चाकी दोन किंवा तीन रेषांत जाते. एक चुकवला की दुसरा ठरलेलाच. ट्रॅफिकमध्ये कट मारून पुढे जाणं विसरा. पार्किंगमध्ये शेजाऱ्याशी भांडण आलंच. आमच्या वाड्याच्या दरवाजातून साइडकार आत जात नव्हती, म्हणून पावसाळाभर ती बाहेर ताडपत्रीखाली असायची आणि तिच्यात मांजर व्यायची.

परदेशातले सगळे वळले वगैरे गप्पांना फार वेळ देत नाही. पॅरिसमध्ये एमपी3 भरपूर दिसतात, पण त्यामागे मोठं कारण म्हणजे तिचं रुंद मॉडेल तिथे कारच्या परवान्यावर चालवता येतं. अमेरिकेत हार्लेने 1932 पासून 1973 पर्यंत सर्व्ही-कार नावाची तीन चाकी बनवली. पोलीस ती पार्किंगवर लक्ष ठेवायला वापरत, म्हणजे दिवसभर हळू चालत-थांबत. तिथे तिसरं चाक कामाचंच. आणि आपल्याकडे कंपन्यांनी तीन चाकी दाबून ठेवली हे महाराष्ट्रात बसून म्हणणं म्हणजे कमाल आहे. रिक्षा कोण बनवतं मग?

उरला गुडघ्यांचा मुद्दा. इथे मी मेसेजच्या निम्मा बाजूने आहे. माझ्या मामाला लहानपणी पोलिओ झालेला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना चाकं लावलेल्या स्कूटरवर त्याने पंचवीस वर्षं बँकेत नोकरी केली, मला कॉलेजला सोडलं, लग्नाला मुलगी बघायलाही त्याच गाडीवर गेला. त्या चाकांची थट्टा मी ऐकून घेत नाही. पण ती तीन नव्हे, चार चाकं. आणि त्यांचा सगळा जीव जोडणीत असतो. मामाच्या पहिल्या गाडीला बाजूची चाकं आडव्या लोखंडी दांड्याला घट्ट वेल्ड केलेली होती, स्प्रिंग नाही. खोलगट जागा आली की दोन्ही बाजूंची चाकं काठावर टेकायची आणि मधलं, ज्याला इंजिन आणि मागचा ब्रेक असतो ते, अधांतरी फिरायचं. गाडी पुढेही जात नाही, धड थांबतही नाही. पुढच्या गाडीला त्याने स्वतंत्र शॉकॲब्सॉर्बरवाली चाकं बसवून घेतली तेव्हा कुठे निभाव लागला. असा बदल आरटीओत मंजूर करून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून परस्पर करून घेतलं तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालायला तुम्हीच.

हे सगळं मी ग्रुपवर आणखी थोडक्यात टाकलं. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘मग माझ्या गुडघ्यांचं काय करू?’ काकांना मी विचारलं, त्रास कधी होतो? म्हणाले, डबल स्टँडवर चढवताना, आणि सीट उंच आहे, टाचा टेकत नाहीत. चालवताना काहीच नाही. म्हणजे त्यांना साइड स्टँड आणि बुटक्या सीटची हलकी स्कूटर हवी आहे. शनिवारी बघायला जाणार आहोत.