एका फाइलपायी दोन रात्री

'बूट करण्याजोगे (म्हणजे संगणक ज्यावरून सुरू होईल असे) उपकरण सापडले नाही' अशा अर्थाचे एकच इंग्रजी वाक्य मी दोन रात्रींत किमान चाळीस वेळा वाचले, आणि ते का सापडले नाही हे सांगण्याची तसदी त्या काळ्या पडद्याने एकदाही घेतली नाही. ड्राइव्हमध्ये डिस्क गरगर फिरते आहे, तिच्या घरघरीने शेजारच्या खोलीत आईची झोपमोड होते आहे, आणि यंत्र मात्र ठामपणे सांगते की येथे काहीच नाही!

लॅपटॉप 2013 सालचा आहे. विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले, विंडोज 11 साठी लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय त्यात नाही, म्हणून धडधाकट यंत्र भंगारात घालण्यापेक्षा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालावी असे ठरवले. जांबोटीपलीकडच्या आमच्या गावात फोन लावायलाच टेकाडावर चढावे लागते, तेथे ती बसवण्यासाठी लागणारी एवढी मोठी फाइल उतरवणार कशी? अर्धा दिवस मोडून, बसचे धक्के खात मी बेळगावच्या बाजारातल्या एका दुकानातून डीव्हीडी तयार करून आणली.

पहिली रात्र बूटचा क्रम, म्हणजे यंत्राने आधी कोठून सुरू व्हायचे तो क्रम, बदलण्यात गेली. दुसऱ्या रात्री सेक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारा पहारा) बंद करायला गेलो, तर तो पर्यायच करड्या अक्षरांत गोठलेला. आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही, ही गोष्ट त्या पडद्यावर कोठेही लिहिलेली नाही. (मिंट सेक्युअर बूट चालू असतानाही सुरू होऊ शकते, हे मला नंतर कळले, म्हणजे तीही मेहनत पाण्यात.) मग यंत्र सुरू करण्याची यूईएफआय ही नवी पद्धत सोडून लेगसी ही जुनी पद्धत निवडली, आणि जीपीटी या नव्या मांडणीच्या डिस्कवर बसवलेले माझे जुने विंडोजसुद्धा उघडेनासे झाले. सर्व फोटो, शेताचे हिशेब, सारे गेले असे वाटून माझ्या पोटात गोळा आला, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. बॅटरी केव्हाच मेलेली असल्यामुळे पडदाही विझला. वीज आल्यावर सेटिंग पूर्ववत केले तेव्हा कोठे विंडोज परत आले.

सकाळी टेकाडावरून दुकानदाराला फोन केला. "मी स्वतः चेक करून दिलोय की सर, तुमच्या लॅपटॉपलाच काहीतरी झालंय बघा," हे त्याचे उत्तर. लॅपटॉप न पाहता केलेले निदान!

शेवटी, जे पहिल्याच रात्री करायला हवे होते ते केले: चालू विंडोजमध्ये ती डिस्क उघडून पाहिली. नीट तयार केलेल्या डिस्कमध्ये बूट, ईएफआय, कॅस्पर असे फोल्डर दिसतात. येथे एकच आयएसओ फाइल, म्हणजे सगळी डिस्क एका फाइलीत बांधलेली इमेज, एकटी पडून होती. या दुकानदाराने इमेज बर्न करण्याऐवजी, म्हणजे ती उलगडून डिस्कवर उतरवण्याऐवजी, फाइल नुसती कॉपी केली होती. विंडोज 7 पासून आयएसओवर उजवी क्लिक करून इमेज बर्न करण्याची सोय आहे, वेगळे सॉफ्टवेअरही लागत नाही; आणि ज्याचा हा रोजचा धंदा आहे, जो याचेच पैसे मोजून घेतो, त्याला तेवढेही ठाऊक नसावे? माझे काही चुकले नव्हते, तरी दोन रात्री मी स्वतःलाच अडाणी समजत राहिलो, याची चीड सर्वांत जास्त आहे.

पुन्हा फोन केला, तेव्हा "दुसरी करून देतो, येऊन घेऊन जावा" असे म्हणाला. येताना जुनी डिस्क विसरू नका, असेही त्याने मलाच बजावले.